मेंदूज्वराच्या नावाखाली

२०२४ च्या पावसाळ्यात गुजरातच्या साबरकांठा व अरवली या जिल्ह्यांतून लहान मुलांच्या आकस्मिक मृत्यूंच्या वार्ता येऊ लागल्या आणि 'चांदीपुरा' हे बहुतेकांच्या विस्मृतीत गेलेले नाव पुन्हा एकदा वृत्तपत्रांतून झळकले. जूनच्या आरंभापासून १५ ऑगस्टपर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराच्या २४५ रुग्णांची नोंद झाली. त्यांपैकी ८२ दगावले. या २४५ जणांपैकी चांदीपुरा विषाणूची प्रयोगशाळेत खात्री पटली ती ६४ जणांच्या बाबतीत. उरलेल्या १८१ जणांना तो रोग नव्हता, किंवा निदान तसे सिद्ध झाले नाही. तथापि सरकारी नोंदीत हे सर्व रुग्ण एकाच मथळ्याखाली बसले. पावसाळा सरला, वार्ता थांबल्या आणि तो मथळाही मागे पडला. एका रोगनामाखाली किती भिन्न व्याधी दडलेल्या असतात आणि त्या वेगळ्या न ओळखण्याची किंमत समाजाला कशी मोजावी लागते, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. त्याचा विचार साथ चालू नसतानाच शांतपणे करणे अधिक श्रेयस्कर.

चांदीपुरा हे गाव गुजरातेत आहे अशी अनेकांची समजूत झालेली दिसते. वस्तुतः ते नागपूरकडचे. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ चालू असताना तेथील दोन रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना हा विषाणू आढळला व त्या गावाचेच नाव त्याला मिळाले. १९५२ साली स्थापन झालेले हे केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. म्हणजे विषाणूही महाराष्ट्राचा आणि त्याचा शोध लावणारी संस्थाही महाराष्ट्रातील. पुढे जवळजवळ चार दशके त्याच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. २००३ साली आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात मुलांमध्ये मोठी साथ आली. एकट्या आंध्रात ३२९ मुले आजारी पडली व १८३ मरण पावली. २००७ साली नागपूर विभागात पुन्हा साथ झाली. रोगाची गती अशी की सकाळी ताप, दुपारी झटके, रात्री बेशुद्धी आणि पुष्कळदा ४८ तासांच्या आत मृत्यू. त्यावर विशिष्ट औषध नाही व वापरात आलेली लसही नाही.

हा विषाणू पसरवते ती वाळूमाशी. ती डासाहून लहान असते, फार उंच उडत नाही आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यांच्या दमट कोपऱ्यांत आश्रय घेते. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील चिंचोटीसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला ही माहिती परकी वाटू नये. चिंचोटीला ही साथ आली असे सुचविण्याचा हेतू मुळीच नाही. तशी भीती घालणे गैर ठरेल. परंतु या नाक्यावरून एक रस्ता गुजरातेकडे जातो, दुसरा कामणमार्गे भिवंडीकडे. पालघर जिल्ह्याची उत्तर सीमा गुजरातला भिडलेली आहे. तुंगारेश्वरच्या डोंगराकडील पाड्यांवर कुडाची, शेणामातीने सारवलेली घरे आजही आहेत आणि वीटभट्ट्यांवर दरवर्षी स्थलांतर करणारी कुटुंबे तात्पुरत्या झोपड्यांत राहतात. माशीला जिल्ह्याची सीमा कळत नाही. उद्या अशा एखाद्या घरातले मूल तापाने फणफणून बेशुद्ध झाले, तर 'मेंदूज्वर' या शब्दापलीकडे त्याचे निदान कोण व किती वेळात करणार, हा चिंचोटीपुरताच नव्हे, पण चिंचोटीलाही लागू पडणारा प्रश्न आहे.

नाव चुकले वा अपुरे राहिले म्हणून काय बिघडते, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर उत्तरेकडील दोन जिल्ह्यांच्या अनुभवात मिळते. गोरखपूर भागात अनेक वर्षे प्रत्येक पावसाळ्यात मुले मेंदूज्वराने दगावत. २००५ साली तर मृतांचा आकडा हजाराच्या वर गेला. जपानी मेंदूज्वर हे कारण धरून २००६ पासून लसीकरण सुरू झाले आणि ते योग्यच होते. पण लस देऊनही रुग्ण येतच राहिले. पुढे बारकाईने तपासण्या झाल्या तेव्हा उरलेल्या रुग्णांपैकी मोठ्या वाट्याला 'स्क्रब टायफस' हा किड्यांच्या चाव्यातून होणारा जंतुजन्य ताप असल्याचे दिसून आले. त्यावर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त व जुने औषध वेळेवर दिल्यास उपयोगी पडते. बिहारमधील मुझफ्फरपूरची कथा याहून विलक्षण. तेथे उन्हाळ्यात मुले पहाटे झटके येऊन बेशुद्ध होत. २०१४ मधील अभ्यासात असे निष्पन्न झाले की, लिचीच्या फळातील काही द्रव्यांमुळे, विशेषतः रात्री उपाशी झोपलेल्या मुलांच्या रक्तातील साखर एकदम खाली जात होती. तेथे मेंदूचा दाह मुळी नव्हताच. उपाय होता रात्रीचे जेवण, आणि आजारी मुलाला तत्काळ ग्लुकोज. दोन्ही ठिकाणी मुलांचे प्राण वाचविणारी वस्तू बाजारात काही रुपयांत उपलब्ध होती. कमतरता होती ती वेगळेपण ओळखण्याची.

खुद्द चांदीपुराविषयीही असा वाद झाला आहे. २००३ च्या साथीनंतर काही डॉक्टरांनी असे मत मांडले की, या मुलांच्या मेंदूत दाहाची नेहमीची लक्षणे पुरेशी दिसत नाहीत. बिघाड रक्तवाहिन्यांत असावा व त्याला मेंदूचा आघात म्हणावे. या वादात कोण बरोबर, हे ठरविण्याचा अधिकार अर्थशास्त्र शिकविणाऱ्याला नाही. पण असा वाद निकालात काढायचा तर मेंदूच्या ऊतीत कोणत्या पेशी जमल्या होत्या हे प्रत्यक्ष पाहिले पाहिजे, एवढे कोणालाही कळण्यासारखे आहे. येथेच आजच्या विज्ञानातील एक महत्त्वाची घडामोड आपल्या प्रश्नाला येऊन भिडते.

शरीराचे रोगापासून रक्षण करणाऱ्या पेशींना मेंदूत सहसा प्रवेश नसतो, असे दीर्घकाळ मानले जाई. १९४८ साली पीटर मेडावर यांनी मेंदूत केलेल्या त्वचारोपणाच्या प्रयोगांनंतर ही कल्पना बळावली. मेंदूतील एकच पहारेकरी सर्वमान्य होता. १९१९ साली स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी वर्णन केलेली मायक्रोग्लिया नावाची पेशी, ती हीच. मेंदूच्या एकूण पेशींत तिचे प्रमाण साधारणतः ५ ते १० टक्के असते. गेल्या दीड दशकात हे चित्र आमूलाग्र बदलले. मायक्रोग्लिया ही रक्तातील इतर पांढऱ्या पेशींप्रमाणे हाडांच्या मज्जेत जन्मत नाही. गर्भावस्थेच्या अगदी आरंभी ती मेंदूत येऊन वसते व तेथेच आपली संख्या राखते, हे २०१० मध्ये प्रयोगांनी दाखविले. २०१५ साली मेंदूच्या आवरणांत लसिकावाहिन्या असल्याचे अमेरिका व फिनलंड येथील संशोधकांनी सिद्ध केले. २०१८ मध्ये कवटीच्या हाडातील मज्जेतून थेट मेंदूच्या आवरणांपर्यंत जाणारे सूक्ष्म मार्ग आढळले. मेंदू हा बंद किल्ला नसून त्याच्या तटातच शिबंदीची वस्ती आहे, असा याचा अर्थ.

दाह झाला की या वस्तीत मोठी उलथापालथ होते. मायक्रोग्लिया आपले रूप व वर्तन बदलतात. आवरणांत व रक्तवाहिन्यांभोवती राहणाऱ्या भक्षक पेशी जाग्या होतात. रक्तातून मोनोसाइट, न्यूट्रोफिल, टी पेशी व बी पेशी आत शिरतात. सूक्ष्मदर्शकाखाली मोनोसाइटपासून झालेली भक्षक पेशी व उत्तेजित मायक्रोग्लिया या इतक्या सारख्या दिसतात की कित्येक वर्षे दोहोंची गणना एकत्रच होत असे. आता एकेका पेशीतील जनुकांचे कार्य व तिच्या पृष्ठभागावरील प्रथिने स्वतंत्रपणे मोजता येतात. २०१७ ते २०१९ या काळात इस्रायल, स्वित्झर्लंड, जर्मनी व अमेरिका येथील प्रयोगशाळांनी या पद्धतीने उंदरांच्या रोगग्रस्त मेंदूतील पेशींची जणू शिरगणतीच केली. तीत दिसून आले की, मूळच्या रहिवासी पेशी आणि बाहेरून आलेल्या पेशी यांची कामे भिन्न आहेत. काही पेशी विध्वंस करतात, काही मेलेल्या पेशींचा कचरा उचलतात, काही दुरुस्तीला हातभार लावतात. आणि एकाच जातीची पेशी रोगाच्या पहिल्या दिवशी एक काम करते व दहाव्या दिवशी दुसरे.

हे ज्ञान निव्वळ कुतूहलाचे नाही, हे औषधांच्या इतिहासावरून पटते. दाह म्हणजे शत्रू व त्याला दाबणे म्हणजे उपचार, अशी सरळ समजूत धरून स्टेरॉइड औषधे मेंदूच्या अनेक रोगांत वापरली गेली. क्षयजन्य मेंदूज्वरात त्यांचा लाभ झाला. व्हिएतनाममधील ५४५ रुग्णांच्या अभ्यासात डेक्सामेथासोन दिलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ३२ टक्के, तर न दिलेल्यांत ४१ टक्के होते; हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तेच औषध जपानी मेंदूज्वरात दिले असता लाभ दिसला नाही, हे थायलंडमधील १९९२ च्या अभ्यासाने दाखविले. आणि मेंदूच्या हिवतापात त्याने रुग्णांची बेशुद्धी उलट लांबली, असे १९८२ सालीच सिद्ध झाले होते. औषध एक, अवयव एक, आणि परिणाम तीन.

याहून बोलकी उदाहरणे 'मल्टिपल स्क्लेरोसिस' या रोगात मिळतात. त्यात शरीराच्या रक्षक पेशी स्वतःच्याच मज्जातंतूंवरील आवरण कुरतडतात. दाह भडकविणाऱ्या एका द्रव्याला अडविणारे औषध त्यावर वापरून पाहिले, तेव्हा रोगाचे झटके कमी होण्याऐवजी वाढले. १९९९ साली तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ते द्रव्य एका वाटेने हानी करते व दुसऱ्या वाटेने दुरुस्ती, हे पुढे उमगले. रक्तातील पेशींना मेंदूत शिरूच न देणारे दुसरे एक औषध अमेरिकेत २००४ मध्ये संमत झाले. ते गुणकारी होते. पण पहारेकऱ्यांना मज्जाव झाल्याने काही रुग्णांच्या मेंदूत एरवी सुप्त राहणारा विषाणू बळावला. २००५ मध्ये ते मागे घ्यावे लागले व २००६ मध्ये कडक अटींसह परत आले. सर्वांना एकाच काठीने हाकण्याचे परिणाम असे होतात.

आपल्या देशातही या दिशेने काम झाले आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने जपानी मेंदूज्वरात मायक्रोग्लियांच्या अतिरेकी उत्तेजनाने मज्जापेशींचा नाश कसा होतो, हे उंदरांवरील प्रयोगांत दाखविले. ते उत्तेजन शमविणारे मिनोसायक्लिन हे जुने औषध उंदरांत उपयुक्त ठरले. मग लखनौ येथे मेंदूज्वराच्या रुग्णांवर त्याची रीतसर चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. कल अनुकूल दिसला, पण मृत्यू निश्चितपणे कमी झाले असे म्हणता येण्याइतका फरक आढळला नाही. या चाचणीत निरनिराळ्या कारणांनी झालेल्या मेंदूज्वराचे रुग्ण एकत्र होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. ज्यांना लाभ होण्यासारखा होता ते व ज्यांना नव्हता ते, यांची सरासरी काढली की लाभ असला तरी तो झाकोळून जाण्याचा संभव असतो. सरासरी उत्पन्नाच्या आकड्यात दारिद्र्य जसे दिसेनासे होते, तसेच हे.

आता या प्रश्नाची आर्थिक बाजू पाहू. बाजारात वस्तू निर्माण होते ती परिणामकारक मागणी असेल तर, म्हणजे गरजेमागे क्रयशक्ती उभी असेल तर. चांदीपुराचे रुग्ण प्रामुख्याने खेड्यांतील गरीब घरांची मुले. साथ येते ती काही वर्षांच्या अंतराने, काही जिल्ह्यांत, एक-दोन महिन्यांसाठी. अशा रोगावर लस काढण्यास कोणती खाजगी कंपनी भांडवल गुंतवील? पुण्यात निष्क्रिय विषाणूंपासून केलेल्या लसीची उंदरांवर तपासणी झाली. ती बाजारापर्यंत पोहोचली नाही, यात आश्चर्य काहीच नाही.

निदानाची गोष्ट याहून अधिक विचार करण्यासारखी आहे. जे मूल ४८ तासांत दगावते त्याच्या तपासणीचा निकाल बहुधा त्याच्या उपयोगी पडत नाही. तो उपयोगी पडतो शेजारच्या पाड्यावरील मुलाला, पुढच्या पावसाळ्यात आजारी पडणाऱ्या मुलाला. तपासणीचा खर्च एकाने सोसायचा आणि लाभ दुसऱ्याने घ्यायचा, अशी ही स्थिती आहे. ज्या बापाने झोपडीतल्या मुलाला उसनवारी करून इस्पितळात आणले, त्याने हा खर्च करावा अशी अपेक्षा अन्यायाची आहे आणि खाजगी इस्पितळाने तो आपण होऊन करावा ही अपेक्षा भाबडेपणाची. अर्थशास्त्रात ज्याला सार्वजनिक वस्तू म्हणतात, तिचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. रस्त्यावरील दिव्याचे बिल वाटसरूकडून वसूल करीत नाहीत, त्याच न्यायाने मेंदूज्वराच्या प्रत्येक रुग्णाचे पूर्ण निदान हा शासनाचा खर्च असला पाहिजे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. जेथे प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, रुग्णवाहिका वेळेवर येत नाही, तेथे मेंदूतील पेशींची शिरगणती करण्याची भाषा म्हणजे भाकरी नसलेल्याला पक्वान्नांची यादी वाचून दाखविण्यासारखे नव्हे काय? आक्षेपातील पहिला भाग सर्वस्वी खरा आहे. डॉक्टर, रुग्णवाहिका व जिल्ह्याच्या इस्पितळात मुलांचा अतिदक्षता विभाग यांना पर्याय नाही. झटके थांबविणे, श्वास चालू ठेवणे व साखर सांभाळणे यांनीच आज चांदीपुराचे मूल वाचले तर वाचते. पण दुसरा भाग पटत नाही. गोरखपूर व मुझफ्फरपूर येथे सूक्ष्म संशोधनातून निघालेले उपाय अत्यंत स्वस्त होते. गरीब राष्ट्राला संशोधन परवडत नाही असे म्हणणारे, न ओळखलेल्या रोगावर वर्षानुवर्षे होणारा निष्फळ खर्च हिशेबात धरीत नाहीत.

शिवाय साधने अगदीच नाहीत असेही नाही. विषाणू निदान प्रयोगशाळांचे जाळे उभारण्याची केंद्राची योजना २०१३-१४ पासून चालू आहे. कोविडच्या काळात तपासणी यंत्रे व तंत्रज्ञ जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचले. मार्च २०२० मध्ये आरटीपीसीआर तपासणीचा कमाल दर ४,५०० रुपये ठरविला गेला होता. पुढच्या वर्षी महाराष्ट्र शासनाने तो ५०० रुपयांवर आणला. प्रमाण वाढले व निर्धार असला की खर्च कसा उतरतो, याचा हा धडा ताजा आहे.

तेव्हा काही गोष्टी आजच करता येण्यासारख्या आहेत. मेंदूज्वराच्या प्रत्येक रुग्णाचे रक्त व पाठीच्या कण्यातून काढलेले पाणी ठराविक तासांत जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोहोचावे आणि तेथे चांदीपुरा, जपानी मेंदूज्वर, स्क्रब टायफस, क्षय व हिवताप यांची एकत्रित तपासणी विनामूल्य व्हावी. नमुन्यांचा काही भाग गोठवून पुण्यास जतन व्हावा, कारण त्या पाण्यातही रक्षक पेशी असतात व त्यांच्या जाती आता मोजता येतात. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत १९९५ पासून मेंदूच्या ऊतींचे भांडार आहे. तशी सोय महाराष्ट्रात असावी आणि मृत्यूनंतर सुईने अल्पशी ऊती घेण्याची पद्धत, आईबापांची समजूत घालून, संपूर्ण संमतीने व सन्मानाने वापरली जावी. प्रत्येक साथीनंतर किती रुग्णांचे कारण कळले व किती जणांचे कळले नाही, याचा जिल्हावार अहवाल विधिमंडळापुढे यावा. कारण न कळलेल्यांचा आकडा लाजिरवाणा वाटू लागला म्हणजेच तो कमी करण्याची निकड भासेल.

लोकशाहीत मागणी करणाऱ्याला काही ना काही मिळते असा आपला अनुभव आहे. कापूस उत्पादकांची संघटना असते, कारकुनांची असते, प्राध्यापकांचीही असते. वीटभट्टीवरील कुटुंबाची पाच वर्षांची मुलगी एका दिवसात दगावली तर तिच्या मागे मोर्चा निघत नाही. मुकादमाचा हिशेब पूर्ण करून ते कुटुंब पुढच्या भट्टीवर जाते. तिच्या वतीने विचारण्याचे काम वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांकडे येते. पुढचा पावसाळा येईल व कोठल्यातरी जिल्ह्यातून पुन्हा तशीच वार्ता येईल, तेव्हा किती मुले गेली हे तर विचारावेच. पण ती नेमकी कशाने गेली, हेही विचारावे, आणि 'मेंदूज्वराने' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.